घटनेतला स्वल्पविराम आणि प्राप्तिकराला विरोध

जॉन चीक हा अमेरिकन एअरलाइन्सचा वैमानिक. १९७३ पासून नोकरीत, पगार उत्तम, १९७९ पर्यंतची विवरणपत्रं रीतसर भरलेली. १९८० पासून त्याने ती भरणं थांबवलं. अमेरिकेत नोकरदाराला कंपनीकडे एक फॉर्म द्यावा लागतो. घरात अवलंबून असलेली माणसं वगैरे धरून त्यात तेव्हा सवलतींचा आकडा लिहायचा असे, आणि त्यावरून पगारातून किती कर कापायचा ते ठरत असे. चीकने हा आकडा वाढवत वाढवत १९८० च्या मध्यापर्यंत ६० वर नेला. पुढे तर ‘मला कर लागूच होत नाही’ असं लिहून देऊन तो मोकळा झाला. एका करविरोधी गटाच्या सभांना तो जात असे. तिथे बोलणाऱ्यांत वकीलही असत. प्राप्तिकर घटनेत बसत नाही, पगार हे उत्पन्नच नाही, असं त्या सभांत सांगितलं जाई.

त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १९९१ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही मला पटतात. पहिली अशी की, कायदा इतका किचकट आहे की एखाद्याचा प्रामाणिक गैरसमज होऊ शकतो. तो गैरसमज कितीही अवाजवी असला, तरी मनापासूनचा असेल तर त्याला जाणूनबुजून केलेला गुन्हा म्हणता येणार नाही. दुसरी अशी की, ‘हा कायदाच घटनाबाह्य आहे’ असं म्हणणाऱ्याला मात्र ही सूट नाही. कारण असं म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला असतो, त्यातलं आपलं कर्तव्य त्याला समजलेलं असतं, आणि तरीही तो ते नाकारत असतो. त्याच्यासाठी वाट उघडी आहे. कर भरावा आणि परतावा मागायला कोर्टात जावं, किंवा न भरता टॅक्स कोर्टात दाद मागावी. हे काहीच न करता घरी बसून कायदा रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. पहिली शिक्षा रद्द होऊन चीकवर पुन्हा खटला चालला आणि पुन्हा तो दोषी ठरला.

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथला कर भरतो. प्राप्तिकराला विरोध करणं हा नागरिकाचा हक्क आहे असं मी मानतो, आणि वेळप्रसंगी उघडपणे कर नाकारणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पण घटनेच्या मजकुरात कुठेतरी पळवाट दडलेली आहे, ती सापडली की कर आपोआप नाहीसा होतो, या समजुतीने इथल्या हजारो साध्या माणसांची वाताहत केली आहे. त्या समजुतीला विरोध म्हणणं हा खऱ्या विरोधाचा अपमान आहे. हे का, ते कळायला या कराचा घटनेतला पाया कसा घातला गेला ते बघावं लागतं. तो इतिहास करविरोधकांच्या पुस्तिकांत असतो त्याहून कितीतरी अधिक थरारक आहे.

१७८७ च्या घटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कर लावण्याचा अधिकार दिला, पण एक अट घातली. ‘प्रत्यक्ष कर’ लावायचा असेल तर तो राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला पाहिजे. ही अट आली कुठून? गुलामगिरीतून. दक्षिणेकडच्या राज्यांना प्रतिनिधिगृहातल्या जागांसाठी गुलाम मोजायला हवे होते, पण त्याच गुलामांवर कर द्यायचा नव्हता. तडजोड झाली की जागा आणि प्रत्यक्ष कर या दोन्हींसाठी गुलाम तीन पंचमांश मोजायचा. करविरोधक ज्या कलमाला स्वातंत्र्याची ढाल म्हणून मिरवतात, ते या सौद्याचं अपत्य आहे. हे सांगितल्याशिवाय त्या कलमाची थोरवी गाणं मला अप्रामाणिक वाटतं.

प्रत्यक्ष कर म्हणजे नेमका कोणता, हे मात्र घटनेत लिहिलेलं नव्हतं. १७९६ साली घोडागाड्यांवरच्या कराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा न्यायमूर्तींनी सुचवलं की डोईपट्टी आणि जमिनीवरचा कर, एवढेच प्रत्यक्ष कर. यादवी युद्धाचा खर्च भागवायला लिंकन यांच्या काळात प्राप्तिकर आला आणि १८७२ मध्ये संपला. तो वैध होता, असं न्यायालयाने १८८१ साली एकमताने सांगितलं.

मग आलं १८९४. केंद्र सरकार तेव्हा प्रामुख्याने आयात जकातीवर आणि दारू-तंबाखूवरच्या करावर चालत होतं. म्हणजे नांगराच्या फाळापासून अंगावरच्या कापडापर्यंत प्रत्येक गोष्टीत दक्षिणेतला आणि पश्चिमेतला शेतकरी कर भरत होता, आणि न्यूयॉर्कमधल्या बाँडधारकाच्या व्याजाला कोणी हात लावत नव्हतं. शेतकऱ्यांच्या चळवळीने हा मुद्दा लावून धरला. ४,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के कर, असा कायदा झाला. इतकं उत्पन्न तेव्हा मूठभरांचं होतं. मॅसॅच्युसेट्समधला चार्ल्स पोलॉक हा एका ट्रस्ट कंपनीत १० शेअर बाळगून असलेला भागधारक. कंपनीने हा कर भरू नये म्हणून त्याने आपल्याच कंपनीवर दावा लावला. त्याच्या बाजूचे नामवंत वकील जोसेफ चोट यांनी न्यायालयापुढे या कराला साम्यवादी म्हटलं.

एप्रिल १८९५ मध्ये न्यायालय काही मुद्द्यांवर ४ विरुद्ध ४ असं अडकलं. नववे न्यायमूर्ती हॉवेल जॅक्सन क्षयाने अंथरुणाला खिळले होते. फेरसुनावणीसाठी ते तशा अवस्थेत वॉशिंग्टनला आले, कराच्या बाजूने मत दिलं, आणि तरीही मे महिन्यात निकाल ५ विरुद्ध ४ असा कराविरुद्ध लागला, कारण दरम्यान कोणीतरी बाजू बदलली होती. ऑगस्टमध्ये जॅक्सन गेले. निकालाचा गाभा असा होता की भाडं, व्याज, लाभांश यांवरचा कर हा त्या मालमत्तेवरचाच कर आहे, म्हणून तो प्रत्यक्ष, म्हणून तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायला हवा.

ही वाटणी म्हणजे काय, हे आकड्यांत बघितल्याशिवाय निकालाची धग कळत नाही. समजा दोन राज्यांची लोकसंख्या सारखीच, प्रत्येकी १० लाख. एका राज्यातल्या लोकांचं एकूण उत्पन्न २०० कोटी, दुसऱ्यातलं १०० कोटी. लोकसंख्या सारखी म्हणून दोघांनी सारखीच रक्कम द्यायची, धरा १० कोटी. श्रीमंत राज्यातल्या माणसाला दर पडला ५ टक्के, गरीब राज्यातल्याला १० टक्के. कनेक्टिकटमधल्या गिरणीमालकापेक्षा मिसिसिपीतल्या दुकानदाराचा दर जास्त. असा कर कोणतंही लोकनियुक्त सभागृह लावणार नाही. न्यायालयाने १८९४ चा कर रद्द केला, पण असा कर कायमचा निषिद्ध ठरवला नव्हता, फक्त अशक्य करून ठेवला होता.

इथे करविरोधकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. १८९५ साली हरलेल्या लोकांनी काय केलं? निकालातल्या चुका काढून ‘हा निकाल आम्हाला लागू नाही’ असं म्हणण्याची संधी त्यांनाही होती. कारणंही भक्कम होती: शंभर वर्षांच्या पायंड्याला छेद देणारा, एका मताने लागलेला निकाल. त्यांनी घटना बदलायचं ठरवलं. त्याला १८ वर्षं लागली. १९०९ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहाने ३१८ विरुद्ध १४ मतांनी दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर केला. त्या बहुमतात सिनेटर ऑल्ड्रिच यांच्यासारखे कट्टर करविरोधकही होते. राज्यं काही याला मान्यता देत नाहीत, तेवढ्यात प्राप्तिकराचं विधेयक तरी टळेल, असा त्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला. ऑगस्ट १९०९ मध्ये अलाबामाने पहिली मान्यता दिली, ३ फेब्रुवारी १९१३ ला आवश्यक ती ३६ राज्यं पूर्ण झाली आणि २५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी घोषणा केली. सोळाव्या दुरुस्तीचा मजकूर एका वाक्याचा आहे: कोणत्याही मार्गाने मिळालेल्या उत्पन्नावर, राज्यांत वाटणी न करता आणि जनगणनेचा विचार न करता, कर लावण्याचा व वसूल करण्याचा अधिकार काँग्रेसला असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा झाला. ३,००० डॉलरच्या वर १ टक्का, आणि ५ लाख डॉलरच्या वर गेलात तर आणखी ६ टक्के. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

‘न्यायालयं सरकारचीच, ती कराच्या बाजूनेच बोलणार’ असं करविरोधक म्हणतात. पण ज्या न्यायालयाने १८९५ मध्ये काँग्रेसने केलेला प्राप्तिकर उधळून लावला, ते करखात्याचं हस्तक कसं? आणि चीकच्या पहिल्या शिक्षेत ज्युरीला चुकीची सूचना दिली गेली म्हणून तिच्यावर बोळा फिरवणारंही तेच न्यायालय होतं.

आता त्या पळवाटांकडे येऊ. सगळ्या मोजत बसण्यात अर्थ नाही. पगार म्हणजे श्रमाचा मोबदला, उत्पन्न नव्हे. कर भरणं ऐच्छिक आहे. कागदावर माझं नाव मोठ्या अक्षरांत छापलंय, म्हणून तो मी नव्हेच. कर म्हणजे गुलामगिरी, आणि ती तर तेराव्या दुरुस्तीने संपली. शेवटची वाचताना मला संताप येतो. ज्या देशात माणसं खरोखर विकली गेली, तिथे एप्रिलमधल्या कराच्या चेकला गुलामगिरी म्हणायला जीभ रेटते कशी?

दोन मात्र जवळून बघण्यासारख्या आहेत. एक ओहायोची. ओहायो १८०३ मध्ये राज्य झालं, पण त्या वेळी काँग्रेसने प्रवेशाचा औपचारिक ठराव करायचा राहून गेला. १९५३ मध्ये दीडशे वर्षांच्या उत्सवाच्या तयारीत ही बाब पुढे आली आणि काँग्रेसने मागल्या तारखेने, १ मार्च १८०३ पासून, ठराव करून टाकला. यावरून युक्तिवाद निघाला की १९१३ मध्ये ओहायो राज्यच नव्हतं, मग त्याची मान्यता खोटी, मग दुरुस्ती खोटी. दीडशे वर्षं त्या राज्याने सिनेटर पाठवले, कायद्यांवर मतं दिली, ते सगळं चालतं, फक्त ही एक मान्यता चालत नाही. बरं, ओहायो वगळलं तरी काय? नॉक्स यांच्या घोषणेत ३८ राज्यं होती. एक गेलं तरी ३७ उरतात आणि गरज होती ३६ ची.

दुसरी स्वल्पविरामाची. राज्यांनी मान्यतेचे जे ठराव पाठवले त्यांत दुरुस्तीचा मजकूर हाताने किंवा टंकाने उतरवलेला होता, आणि उतरवताना चुका झाल्या. कुठे स्वल्पविराम गळला, कुठे लहान अक्षराच्या जागी मोठं आलं, कुठे एकवचनाचं अनेकवचन झालं. अवघ्या चार राज्यांच्या कागदांवर मजकूर काँग्रेसने पाठवला तसाच्या तसा आहे. हे खरं आहे. १९८६ मध्ये सातव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायालयांच्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने टॉमस नावाच्या करविरोधकाच्या खटल्यात ते स्वतःच नोंदवलं. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की १९१३ मध्ये नॉक्स यांच्या विधी अधिकाऱ्याने हे सगळे फरक त्यांच्यापुढे ठेवले होते, अशा चुका आधीच्या दुरुस्त्यांतही झाल्या होत्या, आणि कोणत्याही विधिमंडळाने वेगळ्या अर्थाचा मजकूर मंजूर केलेला नव्हता. राज्यांनी कशाला ‘हो’ म्हटलं होतं याबद्दल १९१३ मध्ये कोणाच्याही मनात शंका नव्हती. घटना म्हणजे लोकांनी घेतलेला निर्णय. नक्कलनविसाच्या चुकीने जर तो निर्णय पुसला जात असेल, तर गुलामगिरीनंतरचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्तीही त्याच न्यायाने पुसली जाईल. स्वल्पविरामावर हक्क सांगणाऱ्यांनी हे परिणाम मोजलेले नसतात.

या मागे लागलेली सगळी माणसं लबाड असतात, असं मला वाटत नाही. त्यांत वैमानिक आहेत, दातांचे डॉक्टर आहेत, कर्जात बुडालेले शेतकरी आहेत. करकायदा अवाढव्य आहे, खात्याच्या नोटिशीची भाषा भीती घालणारी आहे, आणि अशा वेळी कोणीतरी सभागृह भाड्याने घेऊन, हातात घटनेची छोटी प्रत नाचवत सांगतो की तुम्हाला फसवलं जातंय. हे सांगणं विकलं जातं, तयार कागदपत्रांच्या किटच्या रूपात, वर्गाच्या फीच्या रूपात. आयर्विन शिफ यांनी दशकानुदशकं हाच प्रचार केला, अनेकदा तुरुंगात गेले आणि २०१५ मध्ये कैदेतच वारले. नॉर्थ डकोटातला शेतकरी गॉर्डन काल याच विचारातून शस्त्राकडे वळला. १९८३ मध्ये त्याला पकडायला आलेल्या दोन मार्शलांचा (केंद्रीय पोलीस अधिकाऱ्यांचा) गोळीबारात जीव गेला आणि काही महिन्यांत तोही मारला गेला. वेस्ली स्नाइप्स या नटाला विवरणपत्रं न भरल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यापाशी निदान चांगले वकील करायला पैसे होते. गावाकडच्या सुताराने किट घेतलं तर त्याच्या घरावर टाच येते, वर निरर्थक विवरणपत्राचा ५,००० डॉलर दंड, आणि टॅक्स कोर्टात तेच रडगाणं गायलं तर २५,००० पर्यंतचा वेगळा.

सरकारी बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. करखातं पूर्वी अशा लोकांच्या नोंदीवर ‘बेकायदा करविरोधक’ असा शिक्का मारत असे. १९९८ च्या कायद्याने काँग्रेसने तो शिक्का वापरायला बंदी घातली. ते योग्यच झालं. माणूस चुकीचा युक्तिवाद करतो म्हणून त्याला कायमचा डाग लावायचं कारण नाही.

आता ज्यांच्याबद्दल मला आदर आहे त्यांच्याकडे वळतो. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी, आज जिथून मराठी घरं गाडीने तासाभराच्या अंतरात पसरली आहेत, तिथे १८५७ च्या अखेरीस लूसी स्टोन या बाईंनी घरपट्टीचं बिल न भरता परत पाठवलं. कारण लिहून दिलं: मला मत नाही, म्हणून माझ्याकडून कर घेणं अन्याय आहे. जानेवारी १८५८ मध्ये त्यांच्या घरातल्या टेबल-खुर्च्या आणि भिंतीवरची चित्रं लिलावात निघाली. कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरीच्या अ‍ॅबी आणि ज्युलिया स्मिथ या वृद्ध बहिणींनी १८७० च्या दशकात हेच केलं आणि गावाने कराच्या वसुलीसाठी त्यांच्या गायी ओढून नेल्या. १९६४ मध्ये गायिका जोन बाएझ यांनी आपल्या प्राप्तिकरातला ६० टक्के भाग युद्धखर्चाला जातो म्हणून रोखला आणि तसं करखात्याला पत्र लिहून कळवलं.

यांच्यापैकी एकानेही म्हटलं नाही की हा कायदा मला लागू नाही. त्या म्हणाल्या, लागू आहे, आणि तो अन्यायाचा आहे. काय व्हायचं ते होऊ द्या. मुंबई इलाख्यातल्या बारडोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८ मध्ये नेमकं हेच केलं. सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. त्यांनी तो नाकारला, जप्त्या सोसल्या, जनावरं घरात कोंडून घेतली आणि निष्पक्ष चौकशीची मागणी लावून धरली. चौकशी झाली, वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. सरकारला जमीनमहसूल घेण्याचा अधिकार आहे की नाही, असा शब्दांचा कीस काढण्यात वल्लभभाईंनी एक दिवसही घालवला नाही.

विरोधाला असा ठोस मुद्दा लागतो, आणि इथल्या मराठी माणसांकडे तो आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या कोणाचीही पे स्टब, म्हणजे पगाराची पावती, बघा. केंद्राचा प्राप्तिकर, राज्याचा प्राप्तिकर, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे (म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) १.४५. भारतीयांसाठीची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की ऐन पंचविशीत आलेला माणूस पन्नाशीकडे झुकतो, मुलं इथल्या शाळांतून बाहेर पडतात, आणि तोवर या माणसाला शाळा मंडळाच्या निवडणुकीतही बहुतेक ठिकाणी मत नसतं. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला साधारण १० वर्षांचं योगदान लागतं. आठव्या वर्षी नोकरी सुटून पुण्याला परतलेल्याचे ते पैसे इथेच राहतात, कारण दोन्ही देशांतली वर्षं जोडून धरणारा करार भारत आणि अमेरिका यांच्यात झालेला नाही. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सशी भारताचे असे करार आहेत. प्रतिनिधित्वाविना कर नको, या घोषणेवर जो देश उभा राहिला त्या देशात हा प्रश्न विचारायला लाज वाटायचं कारण नाही. राजधानी वॉशिंग्टनचे नागरिकही काँग्रेसमध्ये मताचा अधिकार असलेला प्रतिनिधी नसताना कर भरतात, आणि २००० पासून त्यांनी हे गाऱ्हाणं थेट मोटारींच्या नंबरप्लेटवर छापलं आहे.

न्यायालयात मात्र हा मुद्दा टिकणार नाही, हेही मी ओळखून आहे. कराचा अधिकार आणि मताचा अधिकार घटनेत एकमेकांना बांधलेले नाहीत. आणि ते उलट्या बाजूने बांधले तर काय होतं याचा अनुभव दोन्ही देशांना आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत मतदानासाठी डोईपट्टीची पावती मागून काळ्या आणि गरीब नागरिकांना दूर ठेवलं जाई. केंद्रीय निवडणुकांपुरतं ते १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने थांबलं. आपल्याकडे ब्रिटिश काळात सारा किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यांना मत, बाकीच्यांना नाही, अशी रीत होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला तो या पार्श्वभूमीवर. म्हणून ‘करदात्यांच्या संघटनेच्या परवानगीशिवाय सरकारने खर्च करू नये’ असे निरोप मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात तेव्हा मला काळजी वाटते. त्यात करदाता म्हणजे फक्त प्राप्तिकर भरणारा, असं गृहीत असतं. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी भरणारी धुणीभांडीवाली त्यात कुठेच नसते.

भारतातल्या नोकरदाराचा राग मला समजतो. पगारातून कर आधीच कापलेला, आणि शेतीच्या नावावर उत्पन्न दाखवणारा पुढारी शेजारून मोठ्या गाडीतून जातो. पण आपली घटना या बाबतीत अमेरिकेच्या घटनेहून कितीतरी स्पष्ट आहे. अनुच्छेद २६५ म्हणतो, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर नाही. सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीची नोंद ८२ शेतीखेरीजच्या उत्पन्नावरचा कर संसदेकडे देते, आणि राज्य सूचीची नोंद ४६ शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांकडे. ही विभागणी १९३५ च्या कायद्यापासूनची आहे, आणि बिहारने १९३८ मध्येच असा कर लावला होता. तेव्हा बड्या बागायतदाराच्या उत्पन्नाबद्दल गाऱ्हाणं असेल तर पत्ता दिल्लीचा नाही, विधान भवनाचा आहे. महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर दिसतो. तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी आला, दुष्काळी भागातल्या खडी फोडणाऱ्या हातांसाठी शहरातल्या पगारदाराने दिलेला वाटा म्हणून. तो पैसा आज कुठे जातो, हे दर अधिवेशनात आमदाराला विचारणं हा अस्सल करविरोध आहे.

घटनेच्या अर्थाचे सगळे प्रश्न संपलेत, असंही मी म्हणणार नाही. सोळाव्या दुरुस्तीवरचा अलीकडचा सर्वांत मोठा खटला एका भारतीय कंपनीवरून उभा राहिला. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दांपत्याने बंगळूरच्या किसानक्राफ्टमध्ये सुमारे ४०,००० डॉलर गुंतवले होते. छोट्या शेतकऱ्यांना परवडतील अशी अवजारं ही कंपनी पुरवते. नफा ती धंद्यातच परत घालत होती, मूर यांना लाभांश मिळालेला नव्हता. २०१७ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांतल्या अशा साठलेल्या नफ्यावर भागधारकांना एकदाच कर लावला. मूर यांच्या वाट्याला जवळपास १५,००० डॉलर आले. त्यांनी पैसे आधी भरले आणि मग परताव्यासाठी दावा केला. हातात न पडलेला पैसा उत्पन्न कसा, हा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न खरा आहे. त्यात ना ओहायो आहे ना स्वल्पविराम. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ७ विरुद्ध २ असे हरले. कंपनीच्या हातात नफा पडला आहे आणि तो भागधारकाच्या नावे धरण्याचा काँग्रेसला अधिकार आहे, एवढंच न्या. कॅव्हनॉ यांनी ठरवलं. मुळात कोणाच्याच हातात काही पडलं नसेल, नुसती शेअरची किंमत वाढली असेल, तर कर लावता येतो का, हे त्यांनी मुद्दाम खुलं ठेवलं. विरोधातल्या दोघांचं, आणि निकालाशी सहमत असलेल्या आणखी दोघांचं मत मात्र उघड आहे: उत्पन्न हाती आलंच पाहिजे.

अब्जाधीशांच्या विकल्याविना फुगत जाणाऱ्या संपत्तीवर कर लागावा, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. ते चार न्यायमूर्ती ठाम राहिले आणि पाचवा मिळाला, तर असा कायदा झाला तरी १८९४ च्या कायद्यासारखा कोसळेल. तसं झालं तर आमच्या बाजूच्या कोणीही निकालातल्या शब्दांवर भांडत बसू नये. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता, एवढं मिळवायचं काम तेव्हा सुरू करावं लागेल. मागच्या खेपेस त्याला १८ वर्षं लागली होती. या खेपेस जास्त लागतील, आणि ती मोजायला आत्तापासूनच तयार राहिलेलं बरं.